मुका टीव्ही आणि आबांचा डोळा

आमच्या घरात यंत्रांमधलं कळणारा मी एकटाच आहे, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. (पुरावा अजून कोणी मागितलेला नाही.)

म्हणूनच लेक वैष्णवी नर्सिंगला पहिली आली आणि नागपुरातल्या सत्कारातलं तिचं भाषण घरबसल्या थेट दिसणार असं कळलं, तेव्हा टीव्हीला नेटचा डबा मीच जोडला. प्रश्न आबांचा होता. माझ्या वडिलांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालेलं, त्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं तर कधीचाच राजीनामा दिलेला! नातीला ते फक्त ऐकू शकणार होते. धुतलेली टोपी घालून सकाळी सहापासून खाटेवर तयार बसले होते.

अकराला पाच कमी असताना आवाज गेला.

चित्र ठणठणीत! हारतुरे चाललेत, टाळ्या वाजताहेत, पण सगळं मुकं.

"काऊन गा, बंद पडलं काय?" आबांनी विचारलं.

"नाई आबा, आत्ता येते."

टीव्हीचा आवाज शंभरावर नेला. काही नाही. रिमोटचे सेल काढून दातांनी चावले. वायर उपसली, फुंकली, परत खुपसली. तरी काही नाही!

"अहो, शेजारच्या रशीदभाईले बोलवा ना," बायको, म्हणजे सुनंदा, म्हणाली. "त्याइचं मोबाइलचं दुकान हाय."

"त्याले काय समजते? डबा म्या जोडला हाय!"

"मंग तुमच्या मोबाइलवर लावा."

"मोबाइलच्याच नेटवर डबा चालून राह्यला. त्याले हात लावला तं चित्रही जाईन!"

मी सेटिंगमध्ये शिरलो. आवाज सापडला नाही, पण तीन बटणांत डब्याची भाषा बदलली. कोणती, ते आजतागायत कळलेलं नाही. आधी नुसतं ऐकू येत नव्हतं, आता वाचताही येईना!

आणि पडद्यावर वैष्णवी माइकसमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलायला लागले.

"आली काय माही बाई?" आबा खाटेवरून अर्धे उठले.

"आली... पानी पिऊन राह्यली," मी थाप मारली.

मिनिट गेलं.

"अजून पानीच पेते काय बे?"

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हात जोडते, बोलवा त्याइले!"

तेवढ्यात रशीदभाई स्वतःच धापा टाकत दारात! "भाऊ, घरात काय करून राह्यले? पोरगी तं तिकडं तुमच्या ट्रॅक्टरवर बोलून राह्यली! पुरी गल्ली जमली ना!"

मी घरघरणारा कूलर बंद केला, तर भिंतीपलीकडून खरंच लेकीचा पुसट आवाज! मागच्या हप्त्यात साळ्यावर छाप पाडायला डब्याचा आवाज मीच ट्रॅक्टरच्या टेपला ब्लूटूथनं जोडून दाखवला होता. आणि धाकटा भाऊ वासुदेव अकराला पाच कमी असताना वावरातून आला, भिंतीपलीकडे ट्रॅक्टर लावला आणि टेप चालू ठेवून हातपाय धुवायला गेला. टेपनं बिचाऱ्यानं ओळख ठेवली आणि डब्याचा आवाज आपणहून ओढून घेतला!

आता आवाज घरात वळवायचा, तर ती भाषा वाचणार कोण? मग मी, रशीदभाई आणि हातपाय धुऊन आलेला वासुदेव अशा तिघांनी आबांनाच उचललं आणि थेट ट्रॅक्टरच्या सीटवर नेऊन बसवलं. सुनंदानं उन्हासाठी त्यांच्या पट्टीवर पदर धरला. मागच्या भोंग्यांतून वैष्णवी गरजली,

"...आणि आपल्याला येत नसेल, तर दुसऱ्याला विचारायला लाजायचं नाही, हे मी माझ्या बाबांकडून शिकले!"

डोळा पुसायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून आबांनी पाणी गालावरून तसंच ओघळू दिलं. मग शांतपणे विचारलं,

"कोनत्या बाबाकून?"

अख्खी गल्ली खो खो हसत सुटली! सुनंदासुद्धा! टेप ताबडतोब बंद करणं मला भाग होतं. त्याचं बटण कोणतं, हे वासुदेवला विचारायचं तेवढं राहिलं. मी दाबलं ते हॉर्नचं निघालं.