खंदकातले शिंगाडे

माझा एकच कागद आयुष्यात सरकारदरबारी लागू पडला, आणि नेमका तोच नडला.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. वैनगंगेपलीकडे, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात मी मास्तर होतो. गावाला लागून किल्ला. पूर्वेकडून येणाऱ्या फौजा अडवायला गोंड राजांनी बांधलेला. पुढे तिथे भोसल्यांची शिबंदी राहिली, मग थोडे दिवस इंग्रज, शेवटी वटवाघळं. गावही त्या शिबंदीच्या पोटासाठीच वसलेलं: कोष्टी, लोहार, मासे धरणारे ढिवर. फौज गेली, गाव राहिलं. किल्ल्याचे दगड मात्र रोज बैलबंडीत भरून जात होते. सडकेच्या ठेकेदाराला आयती गिट्टी मिळत होती आणि गावात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. माझं डोकंच फिरलं. दोन महिने खपून मी किल्ल्याचा अकरा पानी इतिहास लिहिला, वर अर्ज जोडला आणि तेव्हाच्या आमच्या राजधानीत, नागपूरला धाडला. किल्ला वाचवा!

अकरा पानांत राजे होते, वेढे होते, तोफांच्या जागा होत्या. खंदकाबद्दल एकच ओळ होती, 'खंदकास बारमाही पाणी असते.' का असते, ते लिहावं असं मला सुचलंच नाही. शाळेच्या खिडकीतून रोज दिसत होतं तरी नाही सुचलं.

खंदक ढिवरांचा होता, कागदावर नव्हे, वहिवाटीनं. एकेका घराकडे एकेक बाजू. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते गाळ उपसायचे, खंदकात पाणी आणणाऱ्या नाल्याचं तोंड मोकळं करायचे आणि पाऊस लागला की शिंगाड्याचे वेल लावायचे. शाळेसमोरची बाजू एका विधवा बाईची होती. दिवाळीच्या सुमाराला शिंगाडे निघाले की पहिली टोपली किल्ल्याच्या दारातल्या देवाला, दुसरी शाळेला. उकडलेले शिंगाडे माझ्या टेबलावर ओतून ती म्हणायची, "खा जी गुरुजी." दिवसभर मग पोरांची बोटं काळी, वह्या काळ्या.

तर अर्ज पावला. वर्ष-दीड वर्षात पुरातत्त्व खात्याची निळी फळी आली, चौकीदार आला, बंड्या थांबल्या. मी आठ दिवस छाती काढून हिंडलो. नवव्या दिवशी बाई दारात.

"गुरुजी, थो चौकीदार मले खंदकात उतरू देऊन नाई राह्यला. फळीवर काय लिवलं हाये, वाचून सांगा."

वाचलं. हद्दीत माती काढणे, पीक घेणे, मासे धरणे, सगळ्याला मनाई. मी चौकीदाराशी कडाकडा भांडलो. तो विडी विझवून म्हणाला, "गुरुजी, फळी तुमच्याच अर्जावर लागली ना?"

दुसरा अर्ज केला. उत्तर नाही. तिसरा केला. तेवढ्यात आमचा जिल्हाच मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला. नागपूर म्हणे, फाइल मुंबईला गेली. मुंबई म्हणे, चांद्याच्या जिल्हा कचेरीत विचारा. चांद्याला मी तीन खेपा घातल्या. तिथला कारकून हसत म्हणाला, "आधी किल्ला वाचवा म्हणता, आता खंदक सोडा म्हणता. एकदाचं काय ते ठरवा ना!"

"अहो, त्या लोकांनी गाळ काढला नाही तर खंदक मरेल!"

"तसं तुमच्या इतिहासात कुठे आहे?"

घ्या! अकरा पानं त्याच्या टेबलावर होती, अक्षर माझं होतं.

दोन उन्हाळे गाळ निघाला नाही. नाल्याचं तोंड बुजलं. होळीच्या आतच खंदकात चिखल आणि डास उरले. बाई धानाच्या कापणीला ब्रह्मपुरीकडे जाऊ लागली. रस्त्यात दिसली की मीच मान खाली घालून बाजूनं निघून जायचो.

त्यानंतरच्या दिवाळीआधी ती टोपली घेऊन शाळेत आली. टेबलावर शिंगाडे ओतले. मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो. "उतरू दिलं का बाई तुम्हाला?"

"नाई जी. बरमपुरीच्या बजारातून इकत आनले. देवाले अन् शाळेले तं द्याच लागते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा राग नाही येत तुम्हाला?"

"येते नं. लय येते," ती म्हणाली. "पन पोरं वाट पाहून राह्यली होती."

पोरं तुटून पडली. तिनं एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. ती समोर उभी होती, म्हणून मी तो सगळा खाल्ला.