मंदाबाईंची हजेरी

डीएड कॉलेजात इतकी वर्षं काढल्यावर माणूस शिकवायचं विसरतो, पण किस्से विसरत नाही. स्टाफरूमच्या माळ्यावर जुने पेपर साचतात, तसे ते आपोआप साचतात. मी आता थकलेय. तरी एवढे ऐकाच.

प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात मॉन्टेसरी पद्धत घ्यायची, असं वरून पत्र आलं. आम्हा पाचजणांपैकी एकालाही ती येत नव्हती! येत होती ती आमच्याच एका विद्यार्थिनीला. कोल्हारच्या मंदाबाई, वय पंचेचाळीस. तरुणपणी मॉन्टेसरीचा कोर्स केलेला, पुढे वीस वर्षं बालवाडी चालवलेली. पण तो कोर्स सरकारदरबारी धरत नाहीत. बालवाडी आता शाळेला जोडणार होते आणि डीएड नसेल तर बाईंना घरी बसावं लागणार होतं. म्हणून या वयात पोरींच्या शेजारी बाकावर.

प्राचार्य खूश झाले. "मंदाबाई, मॉन्टेसरीचा तास तुम्हीच घ्या. हजेरीसकट!"

*

साहित्याची पेटी आली. त्यात गुलाबी मनोरा होता, म्हणजे लहान लहान होत जाणारे दहा ठोकळे. आमच्या क्लार्क भाऊसाहेबांनी फूटपट्टीनं एकेक मोजला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, एकाचं बी माप दुसऱ्याला जुळत न्हाई. समदा माल डिफेक्टिव्ह हाय, परत पाठवा!"

त्यांना समजावलं, तोवर प्राचार्यांनी पेटी कपाटात घालून कुलूप लावलं. पोरांचे हात लागून खराब होईल म्हणे! किल्लीसाठी मंदाबाईंनी आठ दिवस हेलपाटे घातले.

*

मंदाबाईंच्या वर्गातली कर्जतची सोनाली बालवाडीत पाठ घ्यायला गेली. एक चिमुरडी फ्रॉकचं बटण लावत बसली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सोनालीला राहवेना, ती मदतीला धावली.

पोरगी म्हणाली, "बाई, तुमी हात काढा. मला येतंय."

मागे मंदाबाई उभ्या होत्या. "सोनाली, आजचा पाठ तिनं घेतला. वहीत लिहून घे."

*

मंदाबाईंचा जुना दाखला मान्य करावा, म्हणून मी स्वतः अर्ज लिहून वर पाठवला. सहा महिन्यांनी उत्तर आलं. 'सदर प्रशिक्षणास प्रशिक्षण समजावे किंवा कसे, याबाबत मॉन्टेसरी विषयाच्या अध्यापकांचा अभिप्राय जोडावा.'

आमच्याकडे त्या विषयाच्या अध्यापक कोण? मंदाबाईच! त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तासाला गेल्या. मला मात्र लाज वाटली.

*

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. भाऊसाहेब मस्टर घेऊन प्राचार्यांकडे आले.

"मंदाबाईंचा फॉर्म जात न्हाई, सर. मॉन्टेसरीच्या तासाला वर्षभर गैरहजर हायेत."

प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. मीही गेले. मस्टर उघडंच होतं. पोरींच्या नावांपुढे 'ह', मंदाबाईंच्या नावापुढे ओळीनं 'गै'. अक्षर त्यांचंच, ठसठशीत.

प्राचार्य म्हणाले, "अहो, तास तुम्ही घेत होता, मस्टर तुमच्या हातात. स्वतःचं नाव पुकारायचं नाही का?"

मंदाबाईंनी पदर सारखा केला.

"पुकारायची की सर, रोज. पण बाकावर कुनी नसायचं."