न टोचणारी सीट

सांभाळून सरांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. टिंगल करायचे दिवस होऊन गेले. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात जन्मलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला हा काटकुळा माणूस कुत्र्यांना घाबरे, डंपरला घाबरे, पंक्चरला घाबरे, उन्हाला घाबरे आणि ढग आले की ढगांनाही घाबरे. तरीही दर रविवारी पहाटे विरारजवळ बोळिंजच्या चौकात सायकल घेऊन सगळ्यांच्या आधी तेच हजर. "घाबरट आहे म्हणून काय घरी बसू? घरात गॅसचा सिलिंडर असतोच की," असं ते म्हणत.

त्यांचं खरं नाव आमच्या सायकलवाल्यांपैकी निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ते नेहमी सगळ्यांच्या मागे सायकल चालवत आणि मागून त्यांचा आवाज येत राही. "सांभाळून, डावीकडे वाळू! सांभाळून, रिक्षाचं काही खरं नाही! सांभाळून, ती म्हैस विचार करतेय!" नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशी हसू येई, दुसऱ्या दिवशी कटकट वाटे आणि महिन्याभरात तो आवाज ऐकू आला नाही तर चुकल्यासारखं होई. निघण्यापूर्वी ते प्रत्येकाचा ब्रेक स्वतः दाबून बघत, टायरला अंगठा लावत आणि मग शाळेत विचारावं तसं विचारत, "अमोल, घरी सांगून आलायस ना? कुठल्या रस्त्याने जाणार तेसुद्धा सांगितलंस?" माझी बायको मला एकट्याला सायकलवर भाजी आणायलाही पाठवत नसे, पण सर बरोबर आहेत म्हटलं की निश्चिंत असे.

जानेवारीत ते सगळ्यांना गळ्याभोवती मफलर गुंडाळायला लावत. पतंगाच्या मांज्याची त्यांना विलक्षण धास्ती. विल्सन, निर्मळजवळच्या केळीच्या वाडीतला, अंधेरीला कॉम्प्युटरवर काम करणारा आमचा सगळ्यात वेगवान गडी, तो यावर फार हसायचा. "सर, एवढं गुंडाळलं तर मांजा राहू दे, मीच गुदमरून मरेन." एका रविवारी नालासोपाऱ्याच्या उड्डाणपुलावर तो सर्वांत पुढे होता, मफलर खिशात. मागून सर ओरडले, "थांब!" त्या आवाजानेच विल्सनचा ब्रेक लागला. पुढे जाऊन बघतो तर दिव्याच्या खांबापासून कठड्यापर्यंत मांजा ताणलेला, बरोबर गळ्याच्या उंचीवर. इतक्या मागून त्यांना तो कसा दिसला ते देव जाणे. विल्सनने खिशातला मफलर काढून गळ्याला गुंडाळला. सरांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, ते मलाच उघडून द्यावं लागलं.

कोळ्याच्या घरात जन्मून ते पाण्यालाही घाबरत. लहानपणी वडिलांनी होडीत बसवलं, तर किनारा दिसेनासा होण्याआधीच त्यांनी रडून आकाशपाताळ एक केलं. वडील परत आले आणि म्हणाले, "ह्याला शालेत टाका. पान्यात ह्याचा काय उपेग नाय." ही गोष्ट सर स्वतःच रंगवून सांगत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर चहा प्यायला थांबलो की आम्ही वाळूत आडवे पडायचो, हे मात्र समुद्राकडे तोंड करून उभे. समुद्राला पाठ दाखवू नये, तो काय करील सांगता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

अशा माणसाची एक इच्छा होती आणि ती धाडसाची होती. त्यांची पहिली नेमणूक डहाणूच्या पुढच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली होती. तिथे एसटी जात नव्हती म्हणून ते सायकल शिकले. त्या शाळेपर्यंत सायकलने जायचं आणि सायकलनेच परत यायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. रस्त्याची, ट्रकची, रात्रीच्या मुक्कामाची सगळी भीती त्यांनी मोजून ठेवली होती आणि तिच्यावर उपायही शोधले होते. अडत होतं ते फक्त सीटवर. विरार सोडून तासदीड तास झाला की त्यांना बसवत नसे. मग ते पेडलवर उभे राहत, पुन्हा बसत, पुन्हा उभे राहत, आणि मागून "सांभाळून" बरोबर "आई गं" सुद्धा ऐकू येऊ लागे.

सीटच्या बाबतीत आमच्यातला प्रत्येक जण तज्ज्ञ होता. कोणी म्हणे रुंद घ्या, कोणी म्हणे अरुंदच बरी. दूधवाल्याच्या सायकलची स्प्रिंगवाली सीट झाली. तिच्यावर सर प्रत्येक खड्ड्यात दोनदा उडत. जेलचं कव्हर झालं. ते उन्हात बाजूला सरकून बसे. विल्सनने मध्ये खाच असलेली महागडी सीट वापरून बघायला दिली, तर "खाचेत काही अडकलं म्हणजे?" म्हणून त्यांनी ती आठवड्यात परत केली. चामड्याची सीट मऊ व्हावी म्हणून तिला खोबरेल तेल चोळलं आणि पुढचा महिनाभर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या पँटी वेगळ्या भिजवत होत्या.

शेवटी विल्सनने सांगितलं की आधी बसायच्या हाडांचं माप घ्यावं लागतं. मऊ पृष्ठभागावर बसायचं आणि दोन खळग्यांमधलं अंतर मोजायचं. सरांना वाटलं, याला ओल्या वाळूइतकं चांगलं काय? मग एका सकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर हा समुद्राला भिणारा माणूस ओहोटीच्या रेषेवर ताठ बसला, शेजारी शिलाईची टेप घेऊन काकू आणि लांबून बघणारे आम्ही.

"अगो, पानी बग आधी!" सर ओरडले. घाबरले की शाळेची भाषा गळून घरची बाहेर पडे.

"अवो, गप बसा जरा. लाट लांब हाय," काकू म्हणाल्या. "गावाच्या पोलक्यांची मापं घेतली मी, ह्या मापाचा नंबर आज लागला."

किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायका हसून हसून खाली बसल्या. माप मात्र मिळालं, आणि त्या मापाची सीट विल्सनने मागवली.

सीट येण्याच्या सुमारास सरांची कंबर धरली. भावाची होडी वाळूवर ओढताना त्यांनीही हात लावला होता. त्यानंतर कमरेतून पायात कळ जाई. "जुन्या सीटने केलं हे सगळं," असं त्यांनी ठरवून टाकलं. आम्हीही माना डोलावल्या. नवी सीट आली की सगळं ठीक होईल, असं तेव्हा सगळेच म्हणत होतो.

नवी सीट लावून आम्ही पहिल्यांदा लांब निघालो ते सफाळ्याला. महामार्गावर बाजूने डंपर सुटलेले, वरई फाट्याला वळेपर्यंत माझा जीव मुठीत. आणि मागे सर एकदाही उभे राहिले नाहीत. एकदाही "आई गं" नाही. पुढे पुढे तर "सांभाळून" सुद्धा येईना. मी वळून पाहिलं, तर ते चक्क गुणगुणत होते.

सफाळ्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो. "सापडली रे!" सर सायकलवरून उतरता उतरताच म्हणाले. "अजिबात टोचत नाही. खाली काही आहे की नाही तेच कळत नाही!" विल्सनने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात डहाणू, असं तिथल्या तिथे ठरलं. टपरीबाहेर पत्र्याचा बाक होता, सकाळपासून उन्हात तापलेला. मी टेकलो आणि चटक्याने ताडकन उठलो. विल्सनही उठला. सर बसून राहिले, हातात चहा, चेहरा खुललेला.

"सर, चटका नाही बसत?"

"छे! मस्त आहे."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. उतरून टपरीकडे येताना त्यांचा उजवा पाय जरा फरफटत होता आणि चप्पल मागे राहिली होती. ती राहिल्याचं त्यांना समजलंही नव्हतं. माझ्या आईला मणक्याचा त्रास होता तेव्हा डॉक्टरांनी मला दोनदा बजावून सांगितलं होतं, कंबर दुखेल, पाय दुखेल, ते बघू. पण बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी होईनाशी झाली तर एक तासही थांबू नका, तसेच उचलून आणा. ते शब्द जसेच्या तसे डोक्यात आले.

निवृत्त मास्तरांना चारचौघांत हे विचारायचं कसं? मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, सकाळपासून लघवीला गेलात?"

एरवी सर दर फाट्याला त्यासाठी थांबणारे. "नाही रे," ते अभिमानाने म्हणाले, "आज लागलीच नाही. बघ, सीटचा केवढा फायदा!"

"आणि सीटवरून उतरल्यावर? आत्ता? खाली हात लावून कळतंय?"

ते हसले. मग टपरीच्या मागे गेले. परत आले तेव्हा हसू नव्हतं, पण अजून भीतीही नव्हती. "जरा मुंग्या आल्या असतील. लांबून आलोय. बसू थोडा वेळ, येईल परत."

आयुष्यभर पानाच्या सळसळीला दचकलेला माणूस नेमका त्या दिवशी घाबरायला तयार नव्हता. इतक्या वर्षांनी त्याला हवी ती सीट मिळाली होती, डहाणू समोर दिसत होतं, आणि ते सगळं माझ्या हाताने हिसकावून घ्यायचं होतं. मी त्यांचे दोन्ही दंड धरले. माझा आवाज फाटला. "सर, ही सीट चांगली नाहीये. सीटचा काही संबंधच नाहीये. तुमच्या मणक्यात नस दाबली गेलीय. आत्ता निघालो नाही तर पाय जातील तुमचे. परत चालता येणार नाही!"

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "अमोल, मना कायच कलत नाय रं खाली." तो आवाज ऐकून मला रडू आलं.

विल्सनच्या ओळखीचा केळीचा टेम्पो सफाळ्यात होता, तो त्याने फोन करून बोलावला. मागे रिकाम्या क्रेटांमध्ये आम्ही सरांना आडवं केलं. सायकली टपरीवाल्याच्या हवाली. विरारपर्यंतच्या त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेत होतो. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि मधूनमधून विचारत होते, "अंगठा हलतोय का बघ." मी बघायचो. हलत होता. थोड्या वेळाने तो हलतोय की टेम्पोच्या धक्क्याने हलल्यासारखा वाटतोय, ते मला सांगता येईना. तरी मी "हलतोय" म्हणत राहिलो.

हॉस्पिटलात तपासणी झाली. मणक्यातली चकती सरकून नसांवर बसली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच, उद्यावर ढकलायचं नाही. पाय वाचतील असं वाटतं, बाकीचं आत्ता सांगता येणार नाही. काकू अर्नाळ्याहून धावत आल्या होत्या, हाताला अजून मासळीचा वास. स्ट्रेचर आत जाण्याआधी सरांनी मला जवळ बोलावलं.

"तू घाबरलायस?"

"खूप, सर."

"बरं झालं," ते म्हणाले. "कोणीतरी घाबरलेलं पाहिजे."

पाय वाचले. लघवीची नळी बरेच आठवडे राहिली, मग निघाली. आधी वॉकर, मग काठी. लांबची सायकल मात्र डॉक्टरांनी कायमची बंद केली. डहाणू राहिलं ते राहिलंच. आम्ही चारचाकीने नेतो म्हणालो, त्यांनी नकारार्थी मान हलवली. मागून ओरडणारं आता कोणी नाही, म्हणून मी मागे असतो. ब्रेक दाबून बघतो, टायरला अंगठा लावतो, आणि नवी पोरं मला हसतात. कंबर दुखते असं कोणी म्हणालं की मी असे प्रश्न विचारतो की समोरचा लाजतो. लाजू दे.

परवा अर्नाळ्याला त्यांच्या घरी गेलो होतो. सायकल भिंतीला टेकवलेली. सर म्हणाले, "नुसतं बसून बघू?" काकू नको नको म्हणत होत्या. मी हँडल धरलं, विल्सनने मागून धरलं, आणि सर कसेबसे सीटवर चढले. डोळे मिटून बसले.

"काय होतंय?" मी विचारलं.

"उजवीकडं काय नाय अजून," ते म्हणाले. मग त्यांनी डावीकडे जरा भार टाकला. "पण डावीकडं टोचतंय रं. लई टोचतंय."

मी त्यांना उतरवायला हात पुढे केला, तर काकूंनी माझा हात बाजूला सारला. त्या नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"टोचूं दे," त्या म्हणाल्या. "बसा अजून जरा. टोचूं दे."