डावीकडची लिफ्ट

आर्लिस टोलफसन खोटं बोलणारी बाई नव्हे. आयोवातल्या लंडग्रोव्हसारख्या चारशे वस्तीच्या गावात खोटं बोलून माणूस जाणार कुठे? सकाळी कुणाचा केक करपला ते दुपारी पोस्टात कळतं. तिनं एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं, चर्चच्या तळघरात ढिगानं कॉफीचे कप घासले, तीन मुलं वाढवली आणि मक्याच्या कापणीला नवऱ्याच्या बरोबरीनं ट्रॅक्टर हाकला. यातल्या कशाचीच तिनं कधी फुशारकी मारली नाही. मारली ती एकाच गोष्टीची.

सदुसष्ट साली, एकोणिसाव्या वर्षी, ती एकटी शिकागोला गेली होती आणि तिथल्या हार्लन बिल्डिंगमध्ये चौदा महिने लिफ्ट चालवत होती. बटणांची नाही, मुठीची. पितळी मूठ दाबून धरायची, मजला जवळ आला की सोडायची. किती आधी सोडायची हे कुठे लिहिलेलं नसतं. आत माणसं किती, ओझं किती, ते तळपायांना कळावं लागतं. लवकर सोडली तर लिफ्ट मजल्याच्या खाली अडकते, उशिरा सोडली तर वर जाते, आणि मग लोकांना सांगावं लागतं, ‘पाऊल वर, सांभाळून’ किंवा ‘पाऊल खाली, सांभाळून’.

“आणि मला,” आर्लिस सांगायची, “चौदा महिन्यांत एकदाही ते सांगावं लागलं नाही. लिफ्ट आणि मजला यांच्यात नाणंसुद्धा आडवं राहत नसे.”

तिची नणंद बर्नाडीन शेजारच्याच शेतावर राहायची. तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की ‘नाणंसुद्धा’ आलं की ती ताटल्या उचलायला उठायची. “झालं, लागली हिची लिफ्ट मजल्याला. कॉफी कुणाला?”

आर्लिसचा नवरा लॉवेल मात्र दर वेळी शेवटपर्यंत ऐकायचा. “ती म्हणतेय ना,” एवढंच म्हणायचा आणि साखर पुढे ओढायचा. लॉवेल मुळातच दिवसाला वीस-पंचवीस शब्दांचा माणूस, त्यामुळे त्यातले तीन आपल्या बाजूनं पडले यातच आर्लिस खूश.

तो लॉवेल एप्रिलमध्ये गेला. ऑगस्टमध्ये शिकागोच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की हार्लन बिल्डिंगमधल्या हातानं चालवायच्या शेवटच्या दोन लिफ्ट नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी काढणार आणि बटणांच्या बसवणार. मुलीनं कात्रण पाठवलं. आर्लिसनं ते फ्रिजवर चिकटवलं आणि जाता-येता पाहत राहिली. अखेर बर्नाडीनच वैतागली.

“नुसती बघतेस काय गं? जा आणि चालवून दाखव. लागली बरोबर तर मी जन्मात तुला टोकणार नाही.”

“आणि नाही लागली तर?”

“तर निदान ती गोष्ट तरी बंद होईल. माझा भाऊ गेला, आता हो म्हणणारं कोण उरलंय तुला?”

असलं बोलणं बर्नाडीनच करू जाणे. पण ते आर्लिसला लागलं, कारण ते खरं होतं. ती शिकागोहून परतली ती बापाचा पाय मोडला म्हणून, तीन आठवड्यांसाठी. त्या तीन आठवड्यांची पन्नास वर्षं झाली. तिला त्याचं दुःख नव्हतं. संसार चांगला झाला. पण अख्ख्या आयुष्यात ते चौदा महिने तेवढे तिचे एकटीचे होते आणि त्यांचा साक्षीदार आता कुणी नव्हता. आपण तेव्हा खरंच तशा होतो की नाही, हे तिला स्वतःला जाणून घ्यायचं होतं.

ऑक्टोबरात कापणी उरकल्यावर ती ट्रेननं निघाली. चार दिवस, एकटी. मुलीनं बघायच्या ठिकाणांची यादी करून दिली होती: नदीतली बोट, उंच मनोरा, ज्याला सगळे ‘घेवडा’ म्हणतात ते आरशासारखं चकचकीत शिल्प, संग्रहालयाच्या दारातले सिंह. आर्लिसनं बर्फाच्या पेटीत हॅमची सँडविचं आणि उकडलेली अंडी घेतली, आणि एका डब्यात लिंबाच्या वड्या. लिफ्ट चालवणारा जो कुणी असेल त्याच्यासाठी. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं लंडग्रोव्हमध्ये कुत्र्यालाही कळतं.

हॉटेलात पिशवी टाकून ती थेट हार्लन बिल्डिंगमध्ये गेली. तळमजल्याची संगमरवरी फरशी तीच, टपालाची पितळी पेटी तीच. वरच्या संगीताच्या वर्गांतून कुणी गाण्याचे सूर घोटत होतं, तेही तेच असावेत असं वाटण्याइतके बेसूर. डावीकडच्या लिफ्टपाशी स्टुलावर एक जाडजूड म्हातारा बसला होता. त्याचं नाव कॅझिमिर. सगळे कॅझ म्हणत.

“कितवा मजला, बाई?”

“कुठलाच नाही. मी ही लिफ्ट चालवायचे. अडुसष्ट साली.”

कॅझनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “या महिन्यातल्या तुम्ही पाचव्या.”

“बाकीच्या चौघींना चालवू दिलीत?”

“एकीलाही नाही. एक फोटो काढून गेली, एक रडून गेली. विमा आहे, मालक आहेत. मुठीला हात लावू दिला तर माझी नोकरी महिनाभर आधीच जाईल.”

“मी रडणार नाही.”

“उपकार झाले.”

आर्लिसनं वाद घातला नाही. मागितलेली गोष्ट एकदा नाकारली की पुन्हा मागायची नाही, हीही तिकडचीच रीत. तिनं वड्यांचा डबा त्याच्या स्टुलावर ठेवला, “मग हे तरी घ्या” म्हणाली आणि बाहेर पडली.

दुसरा दिवस तिनं यादीवर घालवला. सकाळी उठून आधी पलंगावरच्या चादरी काढल्या, घड्या घालून उशाशी ठेवल्या. पाहुणीनं घरच्या बाईला काम ठेवू नये. परिणाम असा झाला, की साफसफाईवालीला वाटलं ही बाई खोली सोडून गेली. दुपारी परतते तो खोलीला दुसरं कुलूप! “आजी, लोक आमचे टॉवेल पळवतात,” काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, “तुम्ही आमचंच काम पळवलंत.”

बोटीतला तरुण वाटाड्या एकेका इमारतीचं नाव, उंची, साल सांगत होता. बाकीचे वर पाहत होते आणि आर्लिस खाली. त्या पुलाच्या कठड्याला टेकून तिनं पहिल्या पगाराच्या दिवशी सॉसेज खाल्लं होतं, मोहरी नव्या कोटावर सांडली होती. त्या कोपऱ्यावरच्या खानावळीत ती आणि उजव्या लिफ्टवरची डोलोरेस चेरीचं गोड सारण भरलेला एकच ‘पाय’ घेऊन दोघींत खायच्या. खानावळीच्या जागी आता बँक होती. तळ्यावरून वारा आला तो मात्र तसाच, टोपी डोक्यावर ठेवू न देणारा. सिंह बघितले, घेवडा बघितला, घेवड्यात स्वतःला बुटकी झालेली बघितली. उरकलं.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा हार्लन बिल्डिंगमध्ये हजर.

कॅझ उठून उभाच राहिला. “बाई, परवा सांगितलं ना मी...”

“लिफ्टसाठी नाही आले. डब्यासाठी आले.”

“डब्यासाठी?”

“माझा डबा. खाली नाव आहे बघा.”

कॅझनं स्टुलाखालून डबा काढून उलटा केला. बुडाला पांढऱ्या चिकटपट्टीवर शाईनं लिहिलं होतं, आ. टोलफसन. लंडग्रोव्हमध्ये चर्चच्या जेवणाला साठ घरांची भांडी येतात. प्रत्येकाच्या बुडाला नाव असतं आणि प्रत्येक भांडं आपापल्या घरी परत जातं. शिकागोतल्या अनोळखी माणसाला दिलेला डबाही परत येतो, याबद्दल आर्लिसच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शहरी माणसानं तो केव्हाच कचऱ्यात टाकला असता. पण कॅझनं तो धुऊन पुसून ठेवला होता, आणि आता तो हातात धरून त्याचा चेहरा पडला.

“काय झालं? वड्या आवडल्या नाहीत?”

“पहिल्याच दिवशी संपल्या. तसं नाही. डबा रिकामा आहे.”

“मग तो रिकामाच असणार.”

“आमच्यात देत नाहीत रिकामा.” तो ओशाळून म्हणाला. “आई होती तोवर शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी जायची नाही आमच्याकडून. काही नसलं तर चार अक्रोड टाकायची. आज तुम्ही याल हे मला काय ठाऊक? बायको असती तर खसखशीची पोळी...” त्यानं खिसे चाचपले. एक खोकल्याची गोळी निघाली. ती पाहून दोघंही हसली.

मग त्यानं दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मालक दिसत नव्हते.

“सहाव्यापर्यंत,” तो हळूच म्हणाला. “एकच फेरी. आणि डबा घेऊन जायचा, मग मी देणं लागत नाही.”

“मंजूर.”

तेवढ्यात व्हायोलिन शिकवणाऱ्या मिसेस अ‍ॅबर्नथी आल्या, हातात दोन पेट्या, पाठीला पिशवी. “कॅझ, सहावा. ही कोण?”

“जुनी कामगार. सुट्टीवर गेली होती.”

“किती दिवस?”

“पन्नास वर्षं,” आर्लिस म्हणाली आणि जाळीचं दार ओढलं. तो खडखडाट तिच्या दंडात ओळखीचा लागला. तिनं मूठ धरली. पितळ थंड होतं आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक. दाबली. लिफ्ट अंग झटकून उठली. दुसरा, तिसरा. केराच्या डब्यांचा, जुन्या लाकडाचा वास. चौथा. तळपाय काही सांगताहेत का म्हणून ती कान दिल्यासारखी उभी. दोन पेट्या, पाठीवर ओझं, कॅझ एकटाच दोन माणसांएवढा. ओझं जास्त, तेव्हा किंचित उशिरा सोडायची. पाचवा. आता. नाही. आता!

लिफ्ट थांबली. आर्लिसनं खाली पाहिलं. सहाव्या मजल्याची फरशी चार बोटं वर होती.

आणि तिला वाईट वाटायला सवड मिळण्याआधीच तिचं तोंड बोलून मोकळं झालं.

“पाऊल वर, सांभाळून!”

साधं नाही, सुरात. ‘वर’ नीट वर चढवून आणि ‘सांभाळून’ घसरगुंडीसारखं खाली सोडून. शिवाय तिचा डावा हात आपण होऊन मिसेस अ‍ॅबर्नथींच्या कोपराखाली गेला होता.

“किती गोड!” मिसेस अ‍ॅबर्नथी म्हणाल्या. “कॅझ, तू कधी असं म्हणत नाहीस.” आणि निघून गेल्या.

कॅझ तिच्याकडे बघत राहिला. “हा सूर कोणी शिकवला?”

तोच प्रश्न आर्लिसलाही पडला. न म्हटलेलं वाक्य असं जिभेवर तयार बसत नाही. हे दिवसातून चाळीस वेळा म्हटलेलं वाक्य होतं. मिसेस गॅविगन! लिफ्टच्या मुलींवरची मुकादम. ‘पोरींनो, लिफ्ट वाकडी लागली तरी चालेल, आवाज वाकडा लागता कामा नये.’ या बाईचं नावसुद्धा पन्नास वर्षांत आठवलं नव्हतं. फुशारकीनं सगळं झाकून टाकलं होतं. आता एकेक जण आपला आपण वर यायला लागला. सातव्यावरचा लठ्ठ गवई, त्याच्यासाठी लिफ्ट हमखास खाली लागायची आणि तो राजासारखा हात पुढे करायचा. डोलोरेस जाळीतून ओरडायची, “आर्लिस, आज मजला सापडला का गं?”

आणि लॉवेल.

लॉवेल अडुसष्टच्या नोव्हेंबरात गुरं घेऊन शिकागोच्या कत्तलखान्याच्या बाजाराला आला होता. तेव्हा तो नुसता शेजाऱ्यांचा मुलगा होता. पाय मोडलेल्या बापानं त्याला सांगितलं होतं, येताना पोरीला घेऊन ये. तीन आठवड्यांची रजा सांगून पगार घ्यायचा ते ऑफिस चौथ्यावर होतं. तिनंच त्याला नेलं होतं. अंगाला गुरांचा वास, हातात नवी हॅट. लिफ्ट चांगली वीतभर खाली लागली होती. ती ‘पाऊल वर’ म्हणेपर्यंत तो अडखळून आडवा झाला होता, हॅट गडगडत गेली आणि तो त्याच हॅटवर पडला होता. त्यानं उठून हॅट आत चेपलेली पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही.

त्यानंतर पन्नास वर्षं बोलला नाही. दर वेळी शेवटपर्यंत ऐकत होता.

आर्लिसनं रडणार नाही असा शब्द दिला होता. तो तिनं बहुतेक पाळला.

खाली येताना कॅझनं चालवली. तळमजल्याच्या बाकावर बसून तिनं बर्नाडीनला फोन लावला.

“काय झालं?” पलीकडून आधी हेच. “लागली का?”

“चार बोटं खाली.”

बर्नाडीन चिडूनच म्हणाली, “चार? मेले, मी काल चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसले, ती बरोबर लावणार म्हणून.”

“तू?”

“मग काय, गावाला तुझी हार सांगू? ते जाऊ दे. तू बरी आहेस ना?”

“बर्नी, तुला लॉवेलची ती करड्या रंगाची हॅट आठवते? शिकागोला घालून आला होता ती?”

“आठवते म्हणजे? आईनं लग्नासाठी घेऊन दिली होती, माझ्या. पहिल्याच खेपेला चेपून आणली. आई विचारून विचारून थकली. शेवटपर्यंत म्हणायचा, बैल बसला.”

“बैल नाही बसला.”

“मग?”

आर्लिसनं सांगितलं. बापाचा पाय, चौथा मजला, वीतभर खाली, सगळं. पलीकडून बर्नाडीनचं ते कोंबडीसारखं हसणं सुरू झालं, आणि ते थांबेना, आणि मग ते हसणं आहे की काय आहे तेही कळेना.

“पन्नास वर्षं!” ती नाक ओढत म्हणाली. “पन्नास वर्षं त्या गरीब बैलावर... पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग. तो पडला तेव्हा काय म्हणाला?”

“काही नाही म्हणाला.”

“काहीतरी म्हणाला असेल!”

“तुझा भाऊ होता तो, बर्नी.”

डाव्या लिफ्टची घंटी वाजली. वर कुणीतरी वाट बघत होतं. कॅझनं जाळीचं दार अर्धं ओढलं, बाकाकडे पाहिलं, पुन्हा एकदा रस्त्याकडच्या दारावर नजर टाकली आणि मुठीपासून दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

“थांब गं,” आर्लिस फोनवर म्हणाली. “चौथ्यावर कुणीतरी खोळंबलंय.”