मागच्या सीटचा निकाल

नवी मोटारसायकल दाराशी येऊन उभी राहिली की माणसं काय करतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. कोणी टाकीवरून हात फिरवतो, कोणी आरशात स्वतःचा भांग नीट करतो, कोणी ‘ॲव्हरेज किती?’ एवढं विचारून मोकळा होतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू यातलं काहीच करत नसत. त्या गाडीला वळसा घालून थेट मागे जात, पदर खोचत, मूठ वळत आणि कणीक नीट मळली गेली का ते बघावं तशी मागची सीट दाबून बघत. मग माझ्याकडे न पाहताच म्हणत, “समोरच्याले काय समजते गा?”

समोरचा म्हणजे गाडी चालवणारा. त्याच्या हातात हँडल असतं. खड्डा त्याला आधी दिसतो आणि तो आधीच सावरून बसतो. मागच्याला खड्डा दिसत नाही, एकदम भेटतो. म्हणून गाडी लांबच्या प्रवासाला चांगली की वाईट हे सांगायचा हक्क मागच्याचाच, असं काकूंचं मत होतं, आणि काकूंचं मत एकदा झालं की त्यावर अपील नसे.

मी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांवर लिहितो. शोरूमवाले दोन-चार दिवसांसाठी गाडी देतात, मी ती नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या कॉलनीत आणून लावतो, फिरवतो आणि लिहितो. काकूंशी शेजारी म्हणून ओळख होतीच. तपासनीस म्हणून त्या स्वतःच रुजू झाल्या. एका रविवारी पेपर हातात घेऊन जिना चढून वर आल्या.

“सगळं लिवलं तू. मागची सीट कुठं हाये यात?”

“जागा कमी पडली, काकू.”

“मागच्याची जागा नेहमीच कमी पडते,” असं म्हणून त्या चहाही न घेता खाली गेल्या. पुढच्या गाडीपासून मागे त्या बसू लागल्या.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे की काय, स्वतः मोजकंच बोलायच्या. काका मौद्याच्या वीज प्रकल्पात होते. त्यांची एक जुनी, जाड टाकीची मोटारसायकल होती आणि सुट्टी लागली की दोघं तिच्यावर निघत. सांची झाली, सारनाथ झालं. बोधगयेहून परतताना काकूंनी बुद्धाची संगमरवरी मूर्ती घेतली आणि ती नागपूरपर्यंत मांडीवर धरून आणली. ती मूर्ती त्यांच्या बैठकीत आहे. कुठे टवकाही उडालेला नाही. रस्ता कसा होता असं कोणी विचारलं, तर काकू मूर्तीकडे बोट दाखवत.

काका गेले आणि ती गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. संध्याकाळी काकू खाली येत, तिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसत आणि मांडीवर परात घेऊन मेथी निवडत. नवे भाडेकरू आधी दचकत, मग त्यांनाही सवय होई. पुण्याचा मुलगा प्रत्येक दिवाळीला विचारायचा, “आई, विकून टाकू का हे धूड?” काकू म्हणायच्या, “ते माही बसाची जागा हाये. सोफा विकते का कोणी?”

त्यांची गाडी तपासायची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मूर्तीवर काही प्रयोग करता येत नाही, म्हणून त्या दही घेत. रात्री स्टीलच्या डब्यात विरजण लावायचं, थंडी असली तर डबा शालीत गुंडाळायचा, सकाळी घट्ट लागलेलं दही घेऊन हेल्मेट घालून मागे बसायचं. डबा मांडीवर. उतरल्यावर झाकण उघडून बघायचं. दही जसंच्या तसं असेल तर गाडी चांगली. पाणी सुटलं असेल तर विचार करू. एकदा एका फार गाजावाजा झालेल्या गाडीवरून आम्ही जवळच्या कामठीपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. काकूंनी गाडी थांबवायला लावली, डबा उघडून माझ्या नाकाखाली धरला. “मठ्ठा झाला. आता यात जिरं टाक अन् पेपरात लिही.”

शोरूममध्येही त्या माझ्याबरोबर येत. तिथला विक्रेता इंजिनाची ताकद, गिअर, दिवे असं धडाधड सांगत असे. काकू सगळं ऐकून घेत आणि म्हणत, “हे याले सांगजो. मले सांग, मी पाय कुठं ठेवू?” तो पुन्हा इंजिनाकडे वळे. तो वळणार हे काकूंना माहीत असायचं.

आता त्या क्रूझरबद्दल सांगतो, कारण काकूंचं माझ्यावर जे ऋण आहे ते तिथलं आहे.

क्रूझर म्हणजे चाकं लावलेली आरामखुर्ची. समोरचा ऐसपैस बसतो, पाय पुढे टाकतो, हात पसरतो आणि स्वतःला संस्थानिक समजतो. मागच्याच्या वाट्याला उरलेली जागा येते. या गाडीचं जुनं मॉडेल मी काही वर्षांपूर्वी पचमढीला नेलं होतं. मागे माझी बायको, वैशाली. सीट मागे उतरती, शॉकअप कडक, पाय ठेवायची जागा भलतीकडे. ती ओरडून सांगत होती, पण दोन हेल्मेटं आणि मधला वारा, मला काही ऐकू येत नव्हतं. परतताना छिंदवाड्याला ती गाडीवरून उतरली, बसस्टँडवर गेली आणि नागपूरच्या बसमध्ये बसली. मी त्या बसच्या मागोमाग घरी आलो. घरी ती एवढंच म्हणाली, “तुम्ही फिरा. मले आता भाजी बाजाराच्या पुढं नेऊ नका.”

तिनं तो शब्द पाळला. मी एकटा फिरत राहिलो. पण मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घर शांत झालं आणि एकट्यानं बघितलेला घाट घरी येऊन सांगण्यात मला गोडी वाटेना. मला वैशाली मागे हवी होती. अगदी साधी इच्छा होती आणि ती कशी पुरी करावी ते मला कळत नव्हतं.

अशात तीच क्रूझर कंपनीनं नव्यानं आखून बाजारात आणली. सीट रुंद आणि सपाट, मागे पाठीला टेकू, शॉकअप बदललेले, फुटरेस्ट पुढे घेतलेले. मी ती कॉलनीत आणली तेव्हाच मनातून विकत घेऊन बसलो होतो. वैशालीनं गॅलरीतून पाहिलं आणि आत गेली. काकूंनी मुठीनं सीट दाबली, एकदा नव्हे, दोनदा.

“बायकोसाठी घेऊन राहिला का?”

“हो. पण ती बसणार नाही म्हणते.”

“तिले काही विचारू नको आता. आधी मी बसते.”

डिसेंबरची सकाळ होती. काकू पंजाबी ड्रेस, स्वेटर, हेल्मेट अशा तयारीनं आल्या, डबा शालीत. आम्ही जबलपूर रोडनं मनसरला गेलो. रस्ता चांगला, मी गाडी अशी नेली की टाकीवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. मनसरला काकूंनी झाकण उघडलं. दही आरशासारखं सपाट.

“पास!” मी म्हणालो.

“दही पास. तू नापास.”

“काहून, काकू?”

“तू दह्यासाठी चालवून राहिला. माणसासाठी असा चालवते का कधी? वैशाली बसली तं तू असा जाशील? दहा मिनिटं जाशील.” त्यांनी झाकण लावलं. “आता मौद्याकडून चल. अन् एकटा असते तसा चालव.”

मनसरहून आम्ही रामटेकवरून मौद्याकडे वळलो. काका मौद्याला असताना काकू कित्येकदा या रस्त्यानं मागे बसून गेल्या होत्या. मी सांगितल्यासारखी गाडी सोडली. मध्ये रस्ता उखडलेला होता, तिथेही फारसा हात आवरला नाही. तेवढ्यात पाठीवर दोन थापा पडल्या. मला वाटलं, काकू खूश आहेत, शाबासकी देताहेत. मी वेग आणखी वाढवला. पुन्हा दोन थापा. मी आणखी खुललो. शेवटी त्यांनी माझ्या जॅकेटची कॉलर मागून धरली, बैलाची वेसण धरावी तशी, आणि मी थांबलो.

“दोन थापा म्हणजे थांब,” काकू म्हणाल्या. “एक म्हणजे चल. बोधगयेपर्यंत आम्ही असेच गेलो. हेल्मेटात बोलणं ऐकू येत नाही, थाप येते.”

“मले वाटलं शाबासकी देऊन राहिल्या.”

“कायची शाबासकी?” असं म्हणून काकू जोरात हसल्या. मग म्हणाल्या, “आमचे हे दोन थापा पडल्या की थांबत. काहून ते कधीच विचारत नव्हते. कधी कंबर दुखे, कधी काही दिसे, कधी उगाच. मागच्याले उगाच थांबता आलं पाहिजे, तेव्हा तो लांब येते.”

मौद्याला चहाच्या टपरीवर आम्ही डबा उघडला. दही पुरतं मोडलं होतं, वर पाणी तरंगत होतं. माझा चेहरा पडला. काकूंनी टपरीवाल्याकडून साखर मागून घेतली आणि निवांतपणे ते दही खाल्लं. शेवटी चमचा चाटून निकाल दिला, “दही मोडलं, माही कंबर नाही मोडली. बसाले चांगली हाये, पाय ठेवाले जागा हाये, पाठीले टेका हाये. लांब जाईन ही. पण थांबत थांबत. तसंच लिही.”

मी तसंच लिहिलं. नाव टाकू का विचारलं तर म्हणाल्या, “नाव नको. गाडीवर समोरच्याचंच नाव असते.” म्हणून इथंही टाकलेलं नाही.

मौद्याहून परतलो त्याच संध्याकाळी काकू वर आल्या. वैशालीला त्यांनी आग्रह केला नाही, समजावलं नाही. थापांची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, “थापा तुह्या हातात हायेत वं पोरी. हा थांबला नाही तं मले सांग. मी खाली बसलीच हाये.” जाताना त्यांनी वाटीभर दही दिलं, विरजणाला. “माह्या सासूच्या घरचं हाये हे. मोडू देऊ नका.”

वैशालीनं ती वाटी आत नेऊन झाकून ठेवली. मग म्हणाली, “बुक करून टाका. पचमढीचं पाहू.”

गाडी यायला वेळ लागणार होता. दरम्यान वैशाली रोज त्या विरजणाचं दही लावू लागली आणि संध्याकाळी भाजी निवडायला खाली काकूंजवळ जाऊ लागली. काकू गाडीवर, वैशाली शेजारी खुर्चीवर. दोघींचं काय बोलणं होई ते मला कळलं नाही. मी जवळ गेलो की दोघी मेथीच्या भावाबद्दल बोलू लागत.

थंडी सरता सरता काकू गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला उठवलं नाही. त्या दिवशी कॉलनीतलं कोणी कामावर गेलं नाही. पुण्याचा मुलगा सगळं आवरून निघताना पार्किंगमध्ये उभा राहिला आणि मला विचारलं, “या गाडीचं काय करू?” मी काही बोलायच्या आत वैशाली म्हणाली, “राहू द्या दादा. मेथी निवडाले लागते.” मग त्यानं किल्ली तिच्याच हातात दिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमची क्रूझर आली. मी ती फाटकातून आत घेतली, स्टँडवर लावली आणि सवयीनं खालच्या दाराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. नवी गाडी आल्याचा आनंद त्या क्षणी मला झाला नाही, हे खरं सांगतो. वैशाली जिना उतरून आली. टाकीकडे, हँडलकडे तिनं बघितलंही नाही. वळसा घालून मागे गेली, मूठ वळली आणि सीट दाबून धरली. मला डोळे पुसायला हेल्मेट काढावं लागलं.

मार्चमध्ये आम्ही पचमढीला निघालो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा. ज्या बसस्टँडवरून ती तेव्हा बसनं गेली होती, त्याच्यासमोर मी वेग कमी केला. थाप पडली नाही. तामियाच्या घाटाच्या जरा अलीकडे मात्र पाठीवर दोन थापा पडल्या. मी गाडी कडेला घेतली. काहून ते विचारलं नाही.

वैशाली उतरली. कंबरेवर हात ठेवून खालच्या दरीकडे, फुललेल्या पळसांकडे बघत राहिली. मग शालीतून डबा काढला. दही कडेनं थोडं सुटलं होतं, मध्ये घट्ट होतं. तिनं साखरेची पुडी आणली होती. आम्ही रस्त्याच्या कठड्यावर बसून आळीपाळीनं एकाच चमच्यानं खाल्लं. तळाशी थोडं उरलं, त्यावर मी चमचा नेला तर तिनं डबा बाजूला घेतला.

“हे राहू द्या. याचंच विरजण लावीन उद्या. काकूंचं दही हाये, मोडू देऊ नका म्हणल्या होत्या.”

तिनं झाकण लावलं, डबा शालीत गुंडाळला, मागे बसली आणि तो मांडीवर घेतला. मी हेल्मेट घालून हँडल धरलं आणि वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं पाठीवर एक थाप पडली.