आर्क्टिकचा सुका मासा आणि सोलापूरचं नाक

दोहातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक कायदा आहे: सुकी मासळी आणायची नाही. कायदा माझ्या नवऱ्याने केला. प्रशांत सोलापूरचा. मटणावर तुटून पडतो, पण घरात बोंबील भाजला तर त्याला लिफ्टमध्येच कळतं. मी श्रीवर्धनची. सहा वर्षं हा कायदा मी पाळतेय, कुरकुरत का होईना.

म्हणून ईदच्या सुट्टीत नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याने बोटीतून जाऊ या असं मी सुचवलं, तेव्हा कारण सांगितलं आकाशातल्या हिरव्या उजेडाचं, नॉर्दर्न लाइट्सचं. खरं कारण वेगळंच होतं. तिथल्या बंदरांत लाकडी मांडवांवर कॉड मासा टांगून वाळवतात, त्याचा फोटो मी पाहिला होता. तो एक मासा घरी आणून माझ्या गॅसवर शिजवायचा होता मला. बस्स.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर घ्या, ईदच्या तोंडावर मिळता मिळत नाही. दोहाहून ऑस्लो, तिथून दुसऱ्या विमानाने ट्रोम्सो, मग दक्षिणेकडे येणारी किनाऱ्याची बोट. जेवणाशिवायचं तिकीट स्वस्त पडतं. बोटीवरच्या एका कॉफीच्या पैशांत आमच्या कोपऱ्यावर अख्ख्या मजल्याला करक चहा पाजता येईल, त्यामुळे आम्ही धपाटे आणि शेंगाचटणीवर तीन दिवस काढले. मार्च असला तरी तिथे हिवाळाच. बुटांना लावायचे काटे घ्याच. मी "कशाला उगाच" म्हणाले आणि पहिल्याच धक्क्यावर सगळ्यांसमक्ष बसकण मारली.

पहिल्या दिवशी बोट एका चिंचोळ्या फ्योर्डमध्ये शिरली. दोन्हीकडे बर्फाचे कडे, खाली काळंभोर पाणी, मध्येच एखादं लाल घर. आम्ही तिघंही, लेकीसकट, फोन खिशात ठेवून कठड्याशी उभे राहिलो, जे आमच्या घरात सहसा घडत नाही. आभाळ मात्र सगळा प्रवास ढगांनी भरलेलं होतं. हिरवा उजेड पाहिला तो फक्त बोटीवरच्या पोस्टरवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका लहानशा बंदरात बोट तासभर थांबणार होती. धक्क्यावर पाय ठेवला आणि वाऱ्याबरोबर तो आला. वास! गावाएवढा मांडव आणि त्यावर हजारो मासे जोडीजोडीने लटकलेले. मला एकदम घरचं अंगण आठवलं आणि रडूच आलं.

"काय झालं गं?" प्रशांतने मफलरमधून विचारलं.

"वास आला."

"रडू तर मलापण यायलंय की!"

"बाबा, आय कान्ट फील माय नोज," नऊ वर्षांची आमची सई म्हणाली.

"नशीबवान आहेस," प्रशांत म्हणाला.

मग मी खरं काय ते सांगून टाकलं. त्याने मफलर नाकावर आणखी घट्ट ओढला.

"म्हणजे ते हिरव्या उजेडाचं सगळं खोटं?"

"तो दिसला असता तर आवडलंच असतं."

त्याने घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं आहेत. चल की."

मांडवापलीकडच्या दुकानात एका दाढीवाल्याने मागच्या वर्षीचा, लाकडासारखा कडक झालेला मासा काढून दिला. मी कार्ड लावलं आणि प्रशांतने दोहातल्या सवयीने आभार मानले, "शुक्रन."

दाढीवाला थबकला. "अरबी?"

तो सिरियाचा निघाला. प्रशांतचं अरबी चार शब्दांत खलास होतं, पण ते चार शब्द त्याने जीव ओतून वापरले. पुढचं सगळं इंग्रजीत. मासा आठवडाभर भिजवा, रोज पाणी बदला, घाई करू नका. गप्पा इतक्या रंगल्या की दाढीवाला माशासाठी खोकं शोधायला आत जाईपर्यंत बाहेर बोटीचा भोंगा वाजला.

"यल्ला, यल्ला!" दाढीवाल्यानेच ओरडून आम्हाला बाहेर काढलं. खोकं राहिलं. मासा दीड हात लांब, माझ्या हातात सईचा हात. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, जॅकेटची चेन उघडली, डोळे मिटून मासा आत कोंबला आणि धावत सुटला. शेपटी त्याच्या कानाला लागत होती.

बोटीच्या दारातल्या बाईंनी आमची बोटीची तिन्ही कार्डं तपासली. शेपटीकडे पाहिलं आणि आम्हाला आत सोडलं.

"मम्मा, बाबा लुक्स प्रेग्नंट," सई म्हणाली.

दोहात परत आल्यावर आठवडाभर मासा बादलीत भिजला. रोज पाणी मी बदललं. मग खोबरं, लसूण आणि कोकम घालून कालवण केलं. खरं सांगते, बोंबलाची सर नाही त्याला. पुन्हा एवढ्या लांब जाईन का? जाईन, आणि त्या वेळी काटे घेईन. फोटो छान आलेत, लोक विचारतात तो हिरवा उजेड मात्र एकाही फोटोत नाही.

आणि वास? पडद्यांना, टॉवेलांना, जॅकेटला, सगळ्यालाच. त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा प्रशांतचे डोळे पाण्याने भरले होते.

"खिडकी उघडू का?" मी विचारलं. "फार वास येतोय ना?"

त्याने भातावर आणखी एक पळी कालवण ओतून घेतलं.

"कसला वास?" तो म्हणाला.