दहिवर पुसणाऱ्या लिलाबाई

काचांच्या सातव्या ओळीच्या टोकाला लिलाबाई थांबल्या नाहीत, नुसत्या वळल्या. मागून येणाऱ्या वृषालीबाईंच्या चपला काळी माती चिकटून जड झाल्या होत्या.

“दमल्या का बाई? अजून निम्मं बी नही झालं.”

“अक्का, रोज एवढं चालता तुम्ही?”

“मी कुठं चालते? मी पुसते. चालणं होऊन जातं.”

नरडाण्याच्या पलीकडे, रेल्वेरुळांच्या कडेला हे सोलरच्या काचांचं शेत आहे. इथली वीज आसपासच्या गावांतल्या शेतीपंपांना दिवसा मिळते. वृषालीबाई गावातल्या शाळेत शिकवतात आणि कष्टकरी बायांविषयी अधूनमधून लिहितात. रविवार बघून त्या आज उजाडायच्या आत लिलाबाईंबरोबर निघाल्या होत्या. दिवसही साधा नव्हता. काचा पुसणाऱ्या बारा बायांचं काम राहणार की जाणार, ते आज दुपारी ठरायचं होतं.

झालं असं, की कंपनीच्या नव्या साहेबांनी काचा धुवायला टँकर आणि फिरत्या ब्रशचं मशीन पाठवलं. मशीन आलं की बायांची गरज संपली. शिवाय टँकर भरायचा गावच्याच बोअरवर, जिथं उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते. लिलाबाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

“एक ओळ मशीनची, एक माझी. आठ दिवस बघा. मशीनच्या ओळीतून वीज जास्त निघाली तर आम्ही घरी बसू.”

बाकीच्या अकरा जणींनी कपाळाला हात लावला. पण बोलून झालं होतं.

घरी चिंधाआबांनी मात्र मान डोलावली. आबांचा जन्म सूतगिरणीच्या बॉयलरपुढे कोळसा ओढण्यात गेला, छातीत अजून घरघर आहे. रोज सकाळी ते बायकोला चिडवतात, “चालली का ऊन पुसायला?”

“तुम्ही काळं केलं, मी पुसते,” लिलाबाई म्हणतात. मग दोघं चहा घेतात.

त्यांचं पुसणंही पाहण्यासारखं आहे. थंडीत सकाळी काचांवर दव साचतं, लिलाबाई त्याला दहिवर म्हणतात. तेच त्यांचं पाणी. धुवून धुवून मऊ झालेल्या सुती लुगड्याची घडी करायची आणि वरून खाली एका दमात ओढायची. खालच्या काठाशी हात उचलायचा नाही, काठ कोरून काढायचा. दहिवर नसेल त्या दिवसांत घट्ट पिळलेलं ओलं फडकं. हात चालतो तसं ओठांत बुद्धवंदनेतलं त्रिसरण चालू असतं. शेजारच्या ओळीत सातपुड्याकडून आलेली मोतीबाई आधी उगवतीला हात जोडते, मग फडकं उचलते. कुणी कुणाला काही विचारत नाही.

“काठाचं एवढं काय, अक्का?” वृषालीबाईंनी विचारलं.

लिलाबाई पदराआड हसल्या. “ते माले बिबड्यांनी शिकवलं.”

कामाला लागल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे जाडसर पापड, ओल्या कापडावर थापून वाळवतात. लिलाबाईंच्या घरावर जागा कमी, आणि इथं तर एवढ्या तापलेल्या, चकचकीत काचा! त्यांनी नि मोतीबाईनं दोन कापडं बिबड्यांसकट अंथरली आणि निवांत झाल्या. तासाभरात देखरेखीचा इंजिनिअर राजदीप धावत आला. एका ओळीची वीज एकदम पडली होती. त्यानं तारा तपासल्या, पेट्या उघडल्या आणि शेवटी बिबड्यांपुढे येऊन उभा राहिला.

“अक्का, हे कोणतं यंत्र बसवलं?”

“भाऊ, दोनच काचा घेतल्या. एवढ्या पडल्यात की.”

“दोन काचा झाकल्या की अख्खी ओळ ढेपाळते. बैलजोडीतला एक बसला तर दुसरा काय करेल?”

लिलाबाई ओशाळल्या. बिबड्या गोळा केल्या आणि वाळल्यावर भाजून त्यालाच खाऊ घातल्या. पण ते बैलाचं बोलणं मनात बसलं. मग त्यांच्या लक्षात यायला लागलं, की दहिवर नुसतंच वाळू दिलं तर धूळ ओघळते आणि खालच्या काठाला चिखलाची रेघ उरते. रेघ बोटभर, पण सावली ती सावलीच.

अकराव्या ओळीशी पोचल्या तेव्हा रुळांवरून कोळशाची मालगाडी चालली होती. शेवटचा डबा जाईपर्यंत दोघींना बोलता आलं नाही.

“राजदीपभाऊ सांगतो, एमआयडीसीत कारखाने वाढले, घरोघरी कूलर आले, पोरं गाड्याही विजेवर पळवतात. वीज तर लागणारच शे. इथून जेवढी निघंल तेवढा तो कोळसा कमी जळंल.” लिलाबाईंनी रुळांकडे हात केला. “म्हणून काठ सोडवत नही.”

दुपारी बाराला सगळ्या जणी केबिनबाहेर निंबाखाली बसल्या. डबा कुणीच उघडला नव्हता. राजदीपनं आठ दिवसांचे आकडे मांडले, पुन्हा तपासले, परत पहिल्यापासून बेरीज धरली.

“सांग ना रे भाऊ, जीव खातोस का?” मोतीबाई ओरडली.

“अक्कांची ओळ पुढं. आठही दिवस.”

मग तो सगळ्यांना मशीनच्या ओळीकडे घेऊन गेला. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग काचांवर वाळले होते, आणि ब्रश खालच्या काठाला पोचतच नव्हता. तिथं चिखल तसाच. राजदीपनं साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. आकडे सांगितले, डागही सांगितले.

“बायांचं काम चालू राहू द्या. टँकर परत पाठवा,” साहेब म्हणाले. “पण त्यांची पद्धत कागदावर हवी. माझी बदली झाली की पुढचा अधिकारी परत मशीन मागवेल. त्याला काय दाखवणार?”

निंबाखाली बारा डबे एकदम उघडले. लिलाबाईंनी डोळे मिटले, हात जोडले, हळूच ‘भवतु सब्ब मंगलं’ म्हटलं. मग भाकरी तशीच हातात घेऊन त्या वृषालीबाईंजवळ येऊन बसल्या. लिलाबाईंची शाळा चौथीला सुटलेली.

“बाई, माझं आयुष्य मागून लिहा. आधी ही पद्धत लिहून द्या. लुगडं कसं धरायचं, हात कुठं नही उचलायचा, सगळं बठ्ठं. खाली बाराही जणींची नावं घाला. आणि मोतीबाईला वाचता येत नही. कुणी वाचून दाखवलं तर ऐकता ऐकता तिचा हात चालला पाहिजे, असं सोपं लिहा.”